नकाशाचा खालचा कोपरा

गुडघाभर पाण्यात उभा राहून मी एका म्हशीला बाजूला व्हायची विनंती करत होतो. टेपचं एक टोक पलीकडच्या काठावर दगडाखाली दाबलेलं होतं, दुसरं माझ्या हातात होतं, पॅन्ट मांडीपर्यंत दुमडलेली होती आणि पेन्सिल दातांत धरलेली होती. पेन्सिल दातांत धरू नका, असं मी रोज कुणाला ना कुणाला सांगतो. मी दातांचा डॉक्टर आहे. म्हैस नेमकी टेपवर बसली होती.

काठावर एक म्हातारे गृहस्थ मफलर गुंडाळून उकिडवे बसले होते. अर्धा तास तरी ते माझा खटाटोप बघत असावेत. मी तिसऱ्यांदा म्हशीला "सरक गं बाई" म्हणालो तेव्हा ते बोलले.

"सत्तर फूट आहे. या कडेपासून त्या कडेपर्यंत. मोजायची गरज नाही."

ऐकीव माहितीवर मी काम करत नाही, असं मी त्यांना जरा तोऱ्यातच सांगितलं. म्हैस उठल्यावर मोजलं. सत्तर फूट भरलं.

ही १९९९ च्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो, कुरणगावात माझा दवाखाना होता, आणि घरातली एक अख्खी खोली मी आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवूडला देऊन टाकली होती. त्यावर कुरणगाव जंक्शनचं जुनं लोको शेड उभं करायचं होतं. म्हणजे कोळशाच्या इंजिनांचं घर. तिथं त्यांना धुवायचे, पाणी भरायचे, राख काढायचे, आणि तोंड फिरवून परत पाठवायचे. शेड बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती. रूळ भंगारात गेले, भिंतींचे दगड लोकांनी नेले. उरला होता तो हा गोल खड्डा. यात पूर्वी लोखंडी पूल होता, इंजिनासकट गरगर फिरणारा. त्याला टर्नटेबल म्हणत. आता तिथं गावाच्या म्हशी डुंबत.

मला ते शेड हुबेहूब हवं होतं. सत्त्याऐंशी पट लहान, पण हुबेहूब. कवळ्या करायच्या प्लॅस्टरचे मी डोंगर केले होते, दात सरळ करायच्या तारांचे इंजिनाचे पाइप केले होते. पुण्यात आम्हा छंदिष्टांचं एक मंडळ होतं आणि एप्रिलमध्ये त्याचं प्रदर्शन भरायचं. गेल्या वर्षी मी तिथं एका सद्गृहस्थांच्या मॉडेलमधला पाण्याचा नळ चुकीच्या बाजूला असल्याचं सर्वांसमोर सिद्ध केलं होतं. तेव्हापासून लोक माझ्याशी जपून बोलत. मला तो आदर वाटे.

त्या गृहस्थांचं नाव दानियल साळवे. चर्चच्या शाळेत चौकीदार होते, मागच्याच बाजूला दोन खोल्यांत मुलीबरोबर राहत. पूर्वी रेल्वेत सांधेवाला होतो, एवढंच त्यांनी सांगितलं. सांधा म्हणजे रूळ बदलायची जागा. सांधेवाला दांडा ओढतो आणि गाडी या रुळावरून त्या रुळावर जाते. मला घबाड सापडल्यासारखं झालं. मी पाण्यातून बाहेर आलो आणि पाय पुसायच्या आधी वही काढली.

पुढचे तीन आठवडे मी साळवेकाकांना छळलं. कोळशाचा ढीग कुठं, वाळूची खोली कुठं, राखेचा खड्डा किती लांब. ते सगळं सांगत, आणि त्यांचं सांगणं माझ्या मापाशी जुळलं की मी वहीत त्यापुढं "बरोबर" असं लिहीत असे. जणू त्यांची परीक्षा चालली होती. फक्त टर्नटेबलकडे जाणाऱ्या रुळाबद्दल विचारलं की ते म्हणत, "ते नकाशात बघा." आणि दर भेटीच्या शेवटी विचारत, "नकाशा मिळाला का हो डॉक्टर?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला जुन्या दिवसांची ओढ लागली आहे.

नकाशा काही मिळत नव्हता. तो विभागीय कार्यालयात होता, बसने चार तासांवर. रेकॉर्ड रूमच्या कारकुनांनी मला तीनदा परत पाठवलं. परवानगी आणा, अर्ज आणा, साहेब रजेवर आहेत. चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की हे गृहस्थ पान डाव्या गालातच चघळतात. मी त्यांना खिडकीपाशी नेऊन तोंड उघडायला सांगितलं. उजवीकडची खालची दाढ पोकळ झाली होती. पुढच्या रविवारी ते कुरणगावला आले, मी दाढ भरून दिली आणि मंगळवारी रेकॉर्ड रूमचं कुलूप निघालं. माझ्या व्यवसायाचा इतका उपयोग मला आधी कधी झाला नव्हता.

नकाशा मेणकापडावर काढलेला होता, चार फूट लांब, धुळीनं माखलेला. खोलीत एकच दिवा, तोही पिवळट. पण मी उघडला आणि बघतच सुटलो. प्रत्येक रूळ, प्रत्येक सांधा, प्रत्येक फूट. झेरॉक्सचं यंत्र लहान होतं, त्यामुळे नकाशाच्या एकेका तुकड्याची वेगळी प्रत काढावी लागली. पाचवा तुकडा झाला आणि यंत्र तापून बंद पडलं. उरला होता उजवीकडचा खालचा कोपरा. थोडं थांबलात तर तोही काढून देतो, असं कारकून म्हणाले. मी बघितलं. तिथं रूळ नव्हते, नुसता मजकुराचा तक्ता होता. मला बस गाठायची होती.

"राहू द्या," मी म्हणालो. "मला रेघांशी मतलब."

घरी आल्यावर मात्र सगळ्यांना सांगितलं की संपूर्ण नकाशा मिळाला.

नकाशानं मला एक बक्षीसही दिलं. टर्नटेबलकडे जाणाऱ्या रुळावर, खड्ड्याच्या साठ फूट अलीकडे, एक चिमुकला सांधा होता. त्याला पुढं रूळच नव्हता. इंजिन आपोआप घरंगळू लागलं तर त्याला बाजूच्या मातीत उतरवून थांबवायचं, खड्ड्यापर्यंत जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. रेल्वेतले लोक त्याला ट्रॅप म्हणतात. जागेवर त्याची काहीच खूण राहिलेली नव्हती आणि साळवेकाकांनीही त्याचा कधी उल्लेख केला नव्हता. म्हणजे जे सांधेवाल्याला आठवलं नाही ते मी शोधून काढलं होतं. तो सांधा करायला मला तीन संध्याकाळी लागल्या. त्याचा दांडा मी दातांच्या तारेचा केला, दोन मिलिमीटर उंच, आणि त्याला पांढरा रंग दिला. तो हलतो, हे शुभदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मी चार वेळा दाखवलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी चर्च सुटल्यावर साळवेकाकांना मी मॉडेल बघायला घरी आणलं. इस्त्रीचा सदरा घालून आले होते. खोलीत शिरताना त्यांनी चपला बाहेर काढल्या, देवळात काढाव्यात तशा, आणि त्यानं मी आणखी फुगलो. मी दिवे लावले. एकेक गोष्ट दाखवू लागलो, पण ते ऐकत नव्हते. टेबलाला वळसा घालून सरळ टर्नटेबलपाशी गेले आणि वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

"हा इथं होता?" त्यांनी विचारलं. बोट त्या पांढऱ्या दांड्याकडे होतं.

"होता."

"कागदात आहे?"

"आहे ना. कागदात नाही असं या टेबलावर काहीच नाही."

"तुम्ही डोळ्यांनी बघितला? अस्सल कागदात?"

"स्वतः बघितला. मेणकापडावरच्या नकाशात. अगदी स्पष्ट आहे."

मग मी, न विचारता, त्यांना माणसाच्या आठवणीबद्दल एक छोटं व्याख्यान दिलं. आठवण कशी झिजते, माणूस सोयीचं तेवढं कसं ठेवतो, आणि कागद मात्र जिथल्या तिथं कसा राहतो. शेवटी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "इतक्या वर्षांत विसरायला होतंच काका. यात तुमचा काही दोष नाही."

"नाही," ते म्हणाले. "दोष माझाच आहे."

चहा न घेता गेले. जाताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी शुभदाला म्हटलं, बघितलंस? आयुष्य रुळांवर काढलेला माणूस, माझं काम बघून त्याला शब्द सुचेनात. शुभदा म्हणाली की तिला तो माणूस आनंदानं रडल्यासारखा वाटला नाही. मी तिला सांगितलं की रेल्वेची ओढ काय असते ते तिला कळायचं नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी दवाखाना बंद करायच्या वेळेला साळवेकाकांची मुलगी एस्तेर आली. सरकारी दवाखान्यात नर्स होती, चाळिशीची, कामाला वाघ आणि बोलायला कमी. मी तिला खुर्चीत बसवलं, दिवा तिच्या तोंडावर ओढला आणि आ करायला सांगितलं.

"माझा दात दुखत नाही डॉक्टर," ती म्हणाली. "रविवारी तुम्ही पप्पांना काय सांगितलं ते विचारायला आलेय."

मी दिवा बंद केला. ती त्याच खुर्चीत बसून बोलली आणि मी माझ्या फिरत्या स्टुलावर बसून ऐकलं.

१९७१ सालच्या मार्चची आठ तारीख. साळवे तेव्हा अडतीस वर्षांचे होते आणि बदली होऊन शेडमध्ये येऊन त्यांना महिनाच झाला होता. सकाळी दहाच्या सुमाराला टर्नटेबलकडच्या रुळावर एक इंजिन उभं होतं, आत कुणी नव्हतं. त्याची वाफेची झडप गळत होती. इंजिन हळूहळू सरकू लागलं. टर्नटेबल दुसऱ्या बाजूला वळवलेलं होतं, पुढं मोकळा खड्डा, आणि खड्ड्यात किसन घोलप नावाचा खलाशी, म्हणजे शेडमधला मदतनीस, उतरून मधल्या खांबाला ग्रीस लावत होता. साळवे ओरडत धावले. इंजिन खड्ड्यात पडलं. किसन जागीच गेला.

तीन आठवड्यांनी चौकशी झाली, तोवर साळव्यांना शेडमध्ये येऊ दिलं नव्हतं. साहेब म्हणाले, त्या रुळावर ट्रॅप आहे, तो उघडा ठेवणं सांधेवाल्याचं काम, साळव्यानं तो उघडला नाही म्हणून माणूस मेला. साळवे म्हणाले, तिथं ट्रॅप नव्हताच. मग टेबलावर नकाशा पसरला गेला आणि साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. हे काय आहे? जागेवर नेऊन दाखवलं, तिथंही होता. बाकीच्या कामगारांनी, सांध्याचं आम्हाला काय माहीत, असं म्हणून सह्या केल्या. शेवटी साळव्यांनीही सही केली. नोकरी गेली. तेव्हा एस्तेर बारा वर्षांची होती.

"पप्पा तेव्हापासून दरवर्षी आठ मार्चला घोलपांच्या घरी जातात," ती म्हणाली. "द्वारकाबाईंपुढं हात जोडतात, माफी मागतात, परत येतात. पण मनातून त्यांना कधी पटलं नव्हतं. कधी म्हणायचे, मी नवीन होतो, विसरलो असेन. कधी म्हणायचे, नाही गं, नव्हताच तो तिथं. तुम्ही खड्डा मोजायला आलात तेव्हा मला म्हणाले, हा माणूस इंचाइंचाचा हिशेब करतो, हा खरं काय ते सांगेल."

तेव्हा तरी मी गप्प बसायला हवं होतं. पण मी काय म्हणालो ते आजही आठवलं की मला माझीच लाज वाटते. मी म्हणालो, "पण एस्तेरताई, नकाशात आहे तो."

ती उठली. "असेल. मला नकाशातलं कळत नाही. रविवारपासून पप्पांच्या पोटात दोन पोळ्या गेल्यात. भिंतीकडं तोंड करून पडलेत. मला म्हणाले, डॉक्टरनं पण बघितला, म्हणजे मीच मारलं किसनला."

ती गेल्यावर मी दवाखान्याला कुलूप लावलं. घरी येऊन झेरॉक्सचे पाचही तुकडे जमिनीवर जोडले आणि भिंग घेऊन त्या सांध्यावर पालथा पडलो. काय शोधत होतो ते मलाच कळत नव्हतं. सांधा होता. काळा, स्पष्ट, बाकीच्या रुळांसारखाच. शुभदाला सगळं सांगितलं. ती दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं आता ती रविवारची आठवण काढेल. तिनं काढली नाही. जमिनीकडे बघून तिनं विचारलं, "याचा हा कोपरा कुठंय?"

मी म्हटलं, तो घेतला नाही, तिथं नुसता मजकूर होता.

"कसला मजकूर?"

"असतो तो. कुणी काढला, कधी काढला, प्रमाण काय, पुढं कधी काय दुरुस्त..."

मी वाक्य पुरं केलं नाही. शुभदानंही करायला लावलं नाही. ती आत गेली आणि सकाळच्या पहिल्या बसची वेळ बघून आली.

शुक्रवारी अकरा वाजता मी रेकॉर्ड रूममध्ये होतो. दाढ उत्तम आहे, असं कारकुनांनी आपणहून सांगितलं. मी नकाशा उचलून सरळ व्हरांड्यातल्या उन्हात नेला. महिन्यापूर्वी पिवळ्या दिव्याखाली जे मला दिसलं नव्हतं ते तिथं कुणालाही दिसलं असतं. सगळे रूळ काळ्या शाईत होते. तो एक सांधा लाल शाईत होता. झेरॉक्सला लाल आणि काळा सारखाच. आणि मला, रंगांची छटा जुळवून दात बसवणाऱ्या माणसाला, पिवळ्या दिव्यात तेवढंही कळलं नव्हतं.

मग मी कोपरा बघितला. दुरुस्त्यांच्या तक्त्यात तीनच ओळी होत्या. पहिली १९३८ ची. दुसरी १९५६ ची, पाण्याच्या नळाची. तिसरी ओळ लाल शाईत, सुबक अक्षरात. टर्नटेबलच्या मार्गावर ट्रॅप बसवला. तारीख, एकोणीस मार्च एकाहत्तर. खाली दोन अक्षरांची सही.

अपघातानंतर अकरा दिवसांनी. चौकशीच्या आधी.

ज्यानं सांधा बसवायला सांगितलं त्याला काय हवं होतं ते उघड होतं. पण नकाशा काढणाऱ्या त्या दोन अक्षरी माणसानं आपलं काम नियमाप्रमाणे केलं होतं. बदल लाल शाईत दाखवायचा आणि तारीख घालायची, तेवढं. चौकशीच्या टेबलावर ती तारीख सगळ्यांपुढं पसरलेली होती. बोट वरच्या बाजूला होतं, म्हणून खाली कुणी बघितलं नाही. अठ्ठावीस वर्षांनी मी आलो, भिंग घेऊन, आणि मीही बघितलं नाही.

मी व्हरांड्यातच खाली बसलो. कारकुनांना वाटलं मला चक्कर आली. त्यांनी चहा मागवला आणि सगळं ऐकल्यावर कोपऱ्याची प्रत काढून तिच्यावर कार्यालयाचा शिक्का मारला. शिक्क्याची परवानगी कुणाची घ्यायची ते मी विचारलं नाही.

बसमध्ये चार तास मी भाषण जुळवत होतो. शनिवारी सकाळी साळव्यांच्या घरी पोचलो तेव्हा ते खरंच भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी खाटेजवळ स्टूल ओढलं आणि सुरुवात केली ती मेणकापडाच्या नकाशांपासून. मग दुरुस्तीची पद्धत, मग शाईचे रंग. एस्तेर थोडा वेळ ऐकत राहिली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तारीख वाचा."

मी तारीख वाचली.

साळव्यांची पाठ हलली नाही. मग ते सावकाश वळले, उठून बसले आणि चष्मा मागितला. कागद गुडघ्यावर ठेवून त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, आकडे येत होते.

"एकोणीस," ते म्हणाले.

"हो."

"आठ तारखेला नव्हता."

"नव्हता काका. तुम्हाला बरोबर आठवत होतं. चूक माझी झाली. मी कोपरा न बघताच..."

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मला पुन्हा एकदा वाचायला सांगितलं, मग एस्तेरला सांगितलं, मग स्वतः वाचलं. सही कुणाची, असं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही, नुसती दोन अक्षरं आहेत. "भला माणूस," ते म्हणाले. मग एस्तेरला म्हणाले की भूक लागली आहे.

ते जेवत असताना मी माझे बेत मांडले. रेल्वेकडे अर्ज करू, वकील माझ्या ओळखीचे आहेत, वर्तमानपत्रात देऊ. ते भाकरी मोडत ऐकत होते.

"ते बघू नंतर," ते म्हणाले. "परवा आठ तारीख. परवा तुम्ही माझ्याबरोबर द्वारकाबाईकडं चला. मला हे असं नीट सांगता यायचं नाही. तुम्हाला बोलता येतं."

त्याच दुपारी मी चिमट्यानं तो पांढऱ्या दांड्याचा सांधा मॉडेलमधून उपटला. तीन संध्याकाळचं काम निघायला एक मिनिटही लागलं नाही. पुढं एप्रिलच्या प्रदर्शनात परीक्षकांनी शेजारी टांगलेल्या नकाशावरून नेमकं तेच ओळखलं. मूळ नकाशातला एक सांधा राहून गेला आहे, असं म्हणून त्यांनी गुण कापले आणि माझा दुसरा नंबर आला. हे सांगणारे गृहस्थ गेल्या वर्षीचे पाण्याच्या नळाचे होते. अर्जही आम्ही केला. दोन वर्षांनी उत्तर आलं की संबंधित चौकशीचे कागद आता उपलब्ध नाहीत. ते उत्तर मी घेऊन गेलो तेव्हा साळवेकाकांनी त्यातल्या चार ओळी वाचून ते बाजूला ठेवलं आणि मला पेरू दिला.

सोमवारी आम्ही द्वारकाबाईंकडे गेलो. स्टेशनच्या पलीकडे पत्र्याची दोन खोल्यांची घरं होती, त्यांतलं शेवटचं. साळव्यांच्या हातात साखरेचा आणि चहाचा पुडा होता, दरवर्षी नेत तसा. द्वारकाबाई पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, दारात बसून शेंगा सोलत होत्या. त्यांनी आम्हाला आत सतरंजीवर बसवलं. मला त्या ओळखत होत्या, त्यांच्या सुनेची दाढ मी काढली होती.

साळवे दरवर्षीसारखे हात जोडायला गेले आणि मध्येच थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "सांगा."

मी नकाशाची प्रत उलगडली. या वेळी मात्र मी शाईपासून सुरुवात केली नाही. म्हटलं, बाई, ज्या सांध्यामुळं साळव्यांना दोषी धरलं तो सांधा तुमच्या मालकांचा अपघात झाला त्या दिवशी तिथं नव्हताच. तो अकरा दिवसांनी बसवला. ही तारीख. यांची काही चूक नव्हती.

द्वारकाबाईंनी तारखेकडे बघितलं नाही. त्या साळव्यांकडे बघत होत्या. मला राहवलं नाही, मी पुन्हा समजावून सांगू लागलो. त्यांनी मान हलवली.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. मग साळव्यांना म्हणाल्या, "म्हंजी भाऊ, आता तुमी यायाचं न्हाई?"

साळवे गोंधळले. "का बाई?"

"माफी मागायला येत हुता. आता कशापायी याल?" त्या पदरातल्या शेंगा ताटात टाकू लागल्या. "मला तवाच वाटत हुतं तुमची चूक नसंल. कसला सांधा न् कसलं काय, मला काय ठावं. पर तुमी आला की त्यांचं नाव निघायाचं घरात. दुसरं कोन काढतंय आता? पोरगं पोटात हुतं तवा. त्यानं बाप बघितलाच न्हाई."

साळव्यांचे हात अजून अर्धवट जोडलेले होते. ते त्यांनी मांडीवर ठेवले.

"येईन की बाई," ते म्हणाले.

"मग नुसतं हात जोडून जाऊ नगा. अठ्ठावीस वर्सं झाली, तुमी माफ करा म्हनता आन् उठता. त्या दिवशी ते कसं हुतं, काय बोललं, कायबी सांगितलं न्हाई कधी. मीबी इचारलं न्हाई. तुमीच शेवटचं बघितलेलं त्यास्नी."

साळव्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले की किसन त्या सकाळी खुशीत होता. नव्या माणसाला, म्हणजे त्यांना, तो सारखा चिडवायचा. साळव्याचा दांडा आणि साळव्याचं डोकं, दोन्ही एकाच बाजूला पडतं, म्हणायचा. खड्ड्यात उतरताना त्यानं वरूनच हाक मारून सांगितलं होतं की घरी कैरीचं लोणचं घातलंय, दुपारच्याला डबा एकत्र खाऊ.

"घातलं हुतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "पयल्या कैऱ्यांचं."

आतून त्यांचा मुलगा येऊन दाराशी बसला. सत्तावीस वर्षांचा, तेव्हाच्या बापाएवढाच असेल. साळवे त्याच्याकडे वळून सांगू लागले. किसन गाणं कसं म्हणायचा, बिडी कशी लपवायचा, साहेबाची नक्कल कशी करायचा. महिनाभराचीच ओळख, पण त्यांना सगळं आठवत होतं.

एक-दोनदा ते जागांबद्दल बोलताना वाळूची खोली राखेच्या खड्ड्याच्या पलीकडे होती असं म्हणाले. ती अलीकडे होती. नकाशा माझ्या मांडीवर उघडाच होता. तासभर मी तिथं बसलो आणि एक शब्द बोललो नाही. शुभदाला ते अजून खरं वाटत नाही.